आरजे नंबरची गाडी: गंज नाही, पण ऊन?

ग्वाल्हेरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आरजे नंबरची गाडी दाखवताना विकणारा आधी खाली वाकायला लावतो. राजस्थानची गाडी आहे, गंजाचा ठिपका शोधून दाखवा, असं म्हणतो. ठिपका खरंच सापडत नाही. जोधपूर, बिकानेर, जैसलमेर, बाडमेरकडची हवा वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते. जैसलमेरला पाऊस पडून पडून वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत किंवा कोकणात तेवढ्याच वयाच्या गाडीचा सायलेन्सर, सबफ्रेम आणि दारांच्या खालच्या कडा पाहा, फरक लगेच कळतो. त्यामुळे वाळवंटातल्या गाडीचा पत्रा चांगला असतो, हे मी आधीच मान्य करते.

पण जी हवा लोखंड राखते, तीच रबर, प्लास्टिक, गोंद, बॅटरी आणि रंग खाते. ही झीज गाडीखाली वाकून दिसत नाही, आणि मीटरवर तर नाहीच नाही. म्हणून अशा गाडीबद्दल पहिला प्रश्न किती किलोमीटर चालली हा नसावा. रोज दुपारी ती कुठे उभी असायची, हे विचारा. शेडखाली राहिलेली ९० हजार किलोमीटरची गाडी मी उघड्यावर वाळलेल्या ३० हजारांच्या गाडीपेक्षा वरच्या भावात धरेन.

उन्हाचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. अमेरिकेतल्या अॅरिझोनात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३८ अंशांच्या वरच्या दिवसांत उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीची आतली हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. तासाभरात इतकं, तर ४६-४७ अंशांच्या लूमध्ये दिवसभर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापत असेल! आपल्या ग्वाल्हेरलाही मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातोच. म्हणून शहराच्या लष्कर भागात वाड्याला पार्किंग नाही म्हणून गल्लीत उभ्या राहणाऱ्या एमपी ०७ गाडीलाही खालचं बरंचसं लागू आहे.

गाडी कुठे उभी असायची हे मालकाने सांगितलं नाही तरी गाडी सांगते. गाडी रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून लावली जात असेल, तर तिची एक बाजू जास्त भाजते. डावी-उजवी बाजू जोडीने तपासा. दोन्ही हेडलाइटचा पिवळेपणा सारखा आहे का? दाराच्या काचेखालची काळी बीडिंग एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला राखाडी, कडक, टोकाला आखडून चार-पाच मिलिमीटर मागे सरकलेली आहे का? मागच्या सीटची पाठ वरच्या कडेला विटली आहे का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि रोज बाहेर राहणारा भाग आत गुंडाळलेल्या भागाशी ताडून पाहा. रंगात मोठा फरक असेल, पट्टा खरखरीत झाला असेल, तर बेल्ट बदलण्याचा खर्च धरायचा. उन्हाने धागा कमकुवत होतो आणि हा जिवाचा भाग आहे. छताच्या अस्तरावर तळहात ठेवून हलकेच सरकवा. मागचा स्पंज भुगा झालेला असेल तर कापड हाताबरोबर सरकतं. आज लोंबत नसलं तरी येत्या उन्हाळ्यात लोंबेल.

आता टायर. दुकानदार खाचांची खोली दाखवेल, तुम्ही तारीख पाहा. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. तारीख बऱ्याचदा आतल्या बाजूला येते, तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाइलच्या टॉर्चने बघा. रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात मेणासारखी रसायनं मिसळलेली असतात, आणि टायर फिरून दबला-सुटला की ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हे होत नाही. त्यामुळे कमी चाललेल्या, उन्हात उभ्या गाडीचे टायर खाचा नव्यासारख्या असूनही बाजूने फुटतात. बाजूला केसासारख्या बारीक भेगा असल्या आणि टायर पाच-सहा वर्षांचे असले, तर त्यांची किंमत शून्य धरा, खाच कितीही खोल असो. अशा टायरवर यमुना एक्स्प्रेस-वेला जाऊ नका. हवेचं म्हणाल तर ती सकाळी थंड टायरमध्येच मोजायची. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. दुपारी गरम टायरमधून 'जास्तीची' हवा सोडली तर पहाटे टायर नरम, आणि नरम टायर रस्त्यावर आणखी तापतो.

बाकीचं रबर दिसत नाही, पण पैसे तेच मागतं. पुढच्या चाकांच्या मागे, चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट असतात. स्टिअरिंग एका टोकाला वळवून बुटाच्या घड्या बोटांनी उघडा; भेग घडीच्या तळाशी असते. बूट फुटला की ग्रीस बाहेर पडतं, वाळू आत जाते आणि वळणावर कटकट सुरू होते. वेळीच बूट बदलला तर काम स्वस्तात निघतं, जॉइंट गेला तर अख्खा शाफ्ट येतो. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचं रबर तपासायचं तर गाडी सुरू करून एसी लावा, ब्रेक दाबून धरा, ऑटोमॅटिक असेल तर डी टाका. कंप स्टिअरिंग आणि सीटपर्यंत आला तर फाउंडेशन कडक झालेलं आहे. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेला तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली वाळू दिसली तर पॅकिंग वाळलं आहे. हे काम छोटं आहे, त्यावर भाव पाडा, गाडी सोडू नका.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एअर फिल्टरच्या डब्यावर घालवा. वाळवंटातली गाडी आतून किती झिजली हे इथे कळतं. डब्याच्या क्लिपा उघडून फिल्टर बाहेर काढा. फिल्टरची बाहेरची बाजू मळकी असणारच, त्याचं काही नाही. पाहायची ती आतली, इंजिनकडची बाजू. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून डब्याच्या झाकणात आणि पुढच्या नळीत फिरवा. रुमाल स्वच्छ आला तर उत्तम. टाल्कम पावडरइतकी बारीक, पिवळट धूळ आली, तर फिल्टरला वळसा घालून वाळू इंजिनात गेलेली आहे. कारणं दोन. एक, फिल्टरच्या कडेची रबरी पट्टी उन्हाने कडक होऊन नीट बसत नाही. दुसरं, फिल्टर बदलण्याऐवजी दर महिन्याला कॉम्प्रेसरच्या हवेने झाडलेला असतो, आणि त्या दाबाने कागदाला बारीक छिद्रं पडतात. वाळूतलं क्वार्ट्झ कडकपणाच्या मोहस् मापावर ७ असतं, म्हणजे काचेहून कडक. ते पिस्टन रिंग आणि सिलेंडरच्या भिंतीमध्ये सापडलं की दोन्हीला घासतं.

घासलं आहे का ते असं तपासा. इंजिन गरम होऊ द्या, चालू ठेवा, तेल ओतायचं झाकण सैल करून उलटं तसंच तोंडावर ठेवा. हलकी थरथर चालेल. झाकण उडत असेल किंवा फकफक धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्या आहेत. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या: प्रत्येक सिलेंडरचा आकडा लिहून घ्यायचा, सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत छोट्या आकड्यात १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. टर्बो डिझेल असेल तर टर्बोकडे जाणारी नळी काढून पंख्याच्या पात्यांच्या कडा पाहा. धार गोलावलेली किंवा खडबडीत असेल तर वाळू तिथून गेलेली आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा या गाड्या तिकडे कच्च्या रस्त्यावर खूप चालतात, त्यांच्याबाबत हा तपास टाळू नका. आतल्या बाजूने धुळीचा हात आलेली गाडी मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका म्हणेन. बाकी सगळं बदलता येतं, पण इंजिन उघडायचं म्हणजे वाचवलेले पैसे गेलेच.

कूलिंगमध्ये एक जुनी खोड सापडते. गाडी उन्हाळ्यात गरम होऊ लागली की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. काटा खाली येतो, मालक खूश. पण मग इंजिन हवं तितकं तापतच नाही, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं आणि तेलात पेट्रोल उतरतं. शिवाय रेडिएटर कचऱ्याने भरल्याचं मूळ दुखणं तसंच झाकून राहतं. गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर हजाराच्या आत मिळतो, तो लावून टेस्ट ड्राइव्ह घ्या. मोकळ्या रस्त्यावर ८०च्या वेगात कूलंटचं तापमान ८० अंशांच्या वर स्थिर राहायला हवं. ७०वर घसरलं तर थर्मोस्टॅट काढलेला किंवा उघडाच अडकलेला आहे. त्याच स्कॅनरवर एरर कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हेही बऱ्याच गाड्यांत दिसतं. हा आकडा २०-३० असेल तर तुम्ही येणार म्हणून कोड पुसले आहेत.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. आत हिरवा, लाल किंवा निळा, जो असेल तो स्वच्छ रंग दिसला पाहिजे. विटकरी पाणी दिसलं तर बोअरचं पाणी ओतलेलं आहे. त्यातले क्षार नळ्यांत साचतात आणि अॅल्युमिनियम खातात. झाकणाचं रबरही दाबून पाहा. झाकणाने धरलेल्या साधारण १ बारच्या जादा दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट अर्धं-अर्धं मिसळलेलं असेल तर त्याहून वर. झाकणाचं रबर कडक होऊन दाब सुटला तर हे सगळं संरक्षण गेलं. दोन-तीनशे रुपयांच्या झाकणापायी हेड गॅस्केट उडतं. मग बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा: पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत वाळू, किडे, कापसासारखा कचरा. बाहेरून पाणी मारून तो निघत नाही. कंडेन्सर सैल करून मागून पुढे पाणी मारावं लागतं. हाय प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्या आडव्या होतात, म्हणून साधा पाइप वापरा.

एसी तपासायचा तर दुपारी तपासा. डिसेंबरमध्ये घेतलेल्या गाडीचा एसी चांगला की वाईट ते एप्रिलपर्यंत कळत नाही. उन्हात उभ्या गाडीत एसी लावा, आतली हवा फिरती ठेवा, पंखा मध्यम, गाडी जागेवर १० मिनिटं. मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर खोचा. बाहेर ४० अंश असताना १२ ते १५ अंशांची हवा ठीक. चालताना गार आणि सिग्नलवर गरम होत असेल तर कंडेन्सर तुंबलेला आहे किंवा त्याचा पंखा हळू फिरतो आहे. नुसता गॅस भरून देतो, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. किती ग्रॅम गॅस भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं, तेवढाच मोजून भरायचा. जास्त भरला तर उन्हाळ्यात दाब चढून कॉम्प्रेसर जातो.

बॅटरीबद्दल थोडक्यात. थंडीत बंद पडते म्हणून लोक थंडीला दोष देतात, पण ती मरते उन्हाळ्यात: पाणी उडतं, आतल्या जाळ्या झिजतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. तीन वर्षांची वाळवंटी बॅटरी चालू असली तरी संपलेली धरा.

रंगाबाबत मात्र घाईने निकाल देऊ नका. जाडी मोजायचं मीटर लावलं तर कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतो, दुसरा हात मारलेला २००च्या पुढे आणि पुट्टी असेल तर ५००च्या पुढे. सर्वसाधारण गाडीत छताला रंग मारलेला दिसला की लोक 'पलटी झालेली' म्हणून मागे फिरतात. वाळवंटातल्या गाडीत छत आणि बॉनेट यांचाच वरचा पारदर्शक थर आधी पापुद्र्यासारखा निघतो, त्यामुळे तिथे २०० ते २५० मायक्रॉन येणं स्वाभाविक आहे. दाराचे खांब, रबराखालचे कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे ठसे, बॉनेटखालचे अॅप्रन आणि मागच्या डिकीचा तळ मूळ असतील तर तो रंग उन्हापायी आहे. काळ्या आणि लाल गाड्यांत हे लवकर दिसतं. पुढची काच संध्याकाळी समोरून येणाऱ्या हेडलाइटच्या उजेडात पाहा. वाळूच्या वाऱ्याने काचेला सुईच्या टोकाएवढे असंख्य खड्डे पडतात. दिवसा ते दिसत नाहीत, रात्री समोरचा प्रकाश त्यांवर फुटून डोळे दिपतात. पॉलिशने हे जात नाही, काचच बदलावी लागते.

कमी किलोमीटरचा मोह पडतो तिथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जैसलमेर, जोधपूरकडे पर्यटकांच्या गाड्या आणि साहेबांच्या गाड्या एसी लावून तासन् तास जागेवर चालू असतात. मीटर सरकत नाही, पण इंजिन, एसी आणि तेल यांचं काम चालूच असतं. बीएस-६ डिझेलमध्ये तर अशा उभ्या चालण्याने डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारं फिल्टर काजळीने भरतं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तारखा पाहा: १० हजार किलोमीटरची वाट पाहत दोन-दोन वर्षं तेल बदललं नसेल, तर कमी किलोमीटर हा गुण नाही. परमिटची गाडी नंतर खासगी केली आहे का, हेही आरसीच्या इतिहासात तपासा.

सीएनजी असेल तर सिलेंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, पाटीवरची तारीख वाचा. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी हवेने गार होणारी आहे की द्रवाने, हे आधी विचारा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा टक्का लेखी घ्या. उघड्यावर पूर्ण चार्ज करून उभी ठेवलेली गाडी न चालताही क्षमता गमावते.

आता भाव. छोट्या हॅचबॅकचा हिशेब मांडू: चार टायर १६ ते २० हजार, बॅटरी पाच हजारांच्या आसपास, होज, बेल्ट, झाकण आणि कूलंट मिळून पाच-सहा हजार, छत आणि बॉनेटचा रंग आठ ते दहा, अस्तर तीन ते पाच, फाउंडेशन आणि सस्पेन्शनचे बुश आठ ते दहा. बेरीज ५० हजारांच्या आगेमागे. हे अंदाज आहेत. तुमच्या मॉडेलचे भाव पार्टसच्या दुकानात आणि पेंटरकडे विचारून कागदावर लिहून घेऊनच सौद्याला बसा. 'गाडी उन्हातली आहे, कमी करा' म्हटलं तर दोन-चार हजार सुटतात. टायरची तारीख, बॅटरीचे व्होल्ट आणि मायक्रॉनचे आकडे समोर ठेवले की मोठी रक्कम सुटते. आणि ही सगळी कामं झालेली, शेडखालची, बिलांसकट मिळणारी गाडी असेल तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही, कारण शाबूत पत्रा तुम्हाला बाजारातून विकत आणता येत नाही.

तो पत्रा इथे आल्यावर बिघडू शकतो, याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायला छिद्रं असतात, वायपरखालच्या जाळीला निचरा असतो, सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांत नळ्या असतात. कोरड्या मुलखात ही सगळी वाळूने भरून जातात आणि काही बिघडत नाही. आपल्याकडे जूनच्या अखेरीस पाऊस लागला की तीच वाळू ओल धरून बसते आणि दार आतून सडायला लागतं. आखडलेल्या बीडिंगमधून पाणी आत येतं ते वेगळंच. त्यामुळे गाडी घेतल्यावर पहिल्या पावसाआधी दाराची पॅनेलं उघडून आतली वाळू व्हॅक्यूमने काढा, छिद्रं प्लास्टिकच्या पट्टीने मोकळी करा, चाकांच्या कमानीतली अस्तरं सोडवून मागे साठलेला ढीग काढा, सगळं पूर्ण वाळल्यावर पोकळ्यांत मेणाचा स्प्रे मारा. गालिचे उचलून पाहाल तेव्हा भुरभुरीत सुकी वाळू सापडली तर काळजी नाही. चिकटून वाळलेला चिखल आणि सगळीकडे एकाच उंचीची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे, मग ती कुठल्याही राज्याची असो.

कागदांत राजस्थानच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलाचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर एमपीचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो कर गाडीच्या किमतीत धरूनच तुलना करा. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात सरकारने ज्या वर्षी करात सवलत दिली, त्या वर्षीची स्थानिक गाडी शेजारी उभी असेल तर 'स्वस्त' आरजे गाडी बऱ्याचदा तेवढ्यालाच पडते. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, टोकन देताना पावतीवर चेसिस नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.